कासव, ससा आणि आईचे यजमान

बरोबरच्या माणसाची ओळख करून दिल्याशिवाय ज्याच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाही असा माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच आहे, आणि तो माझ्या आईचा नवरा आहे. माझे वडील नव्हेत. वडील मी नोकरीला लागलो त्याच वर्षी नागपुरात वारले. हे आईचे दुसरे यजमान, पाच वर्षांपूर्वी, तिच्या सदुसष्टाव्या वर्षी झालेले. जगातल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडून देणाऱ्या ह्या माणसाला एका भर दुपारी, गर्दीत, मी ‘ओळखत नाही’ असं म्हटलं. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही. मुळात मी फार काही सांगणारा माणूस नव्हे. पण ही आता आतल्या आत ठेवून उपयोग नाही.

दोघांची गाठ पडली ती जे. पी. नगरातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर आई डावा गुडघा धरून बसली होती आणि हे उजवा. ते म्हणाले, “तुमचा डावा, माझा उजवा. जोडी जमली की!” आई घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की मी लॅपटॉपवरून मान वर केली. वडील गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. पुढे आठ महिन्यांनी रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मीच सही केली. सही केली खरी, पण ऑफिसात रजा टाकताना कारण लिहिलं ‘आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन’. टीममधली मुलं गुणी. त्यांनी संध्याकाळी घरी भलामोठा बुके पाठवला. आई हरखून म्हणाली, “बघ, किती चांगली माणसं! न बोलावता लग्नाची आठवण ठेवली.” बुकेत खोचलेलं ‘लवकर बऱ्या व्हा’ हे कार्ड मी आधीच काढून खिशात घातलं होतं.

आईचे यजमान बेंगळुरातल्याच चामराजपेटेतले. त्यांचं मराठी घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं हे ते चाळीस मिनिटांत सांगतात, मधे कुणी प्रश्न विचारला तर पन्नास. त्यांची उभी हयात एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. यंत्राचा सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि खडूने बरोबरची खूण करून पुढे सोडायचा. कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण खडू झाला नाही. तो आजही सदऱ्याच्या खिशात असतो, आणि पँटच्या खिशात स्टीलची टेप. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सोफा दाबून पाहिला, गॅसचा सिलिंडर वाजवून पाहिला, आणि जाताना दोन्हींवर खडूची खूण करून गेले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा आला की आधी टेप निघते. “कालपेक्षा अर्धा इंच कमी आहे, अण्णा,” असं ते मालकाला इतक्या हळहळून सांगतात की मालक ओशाळून जास्तीची चटणी पाठवतो. आईने लग्नानंतर पहिल्यांदा पिठलं केलं तेव्हा त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “पास.” आई लाजली. सदुसष्टाव्या वर्षी आपली आई लाजताना पाहणं ही मुलाला अवघड जाणारी गोष्ट आहे. मी ताटात बघत राहिलो.

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठं व्यसन ओळख करून देण्याचं. रिक्षात बसलं की पहिल्या सिग्नलच्या आत ड्रायव्हरला आमची वंशावळ पाठ झालेली असते. चिकपेटेत आईला साडी घ्यायला गेलो, तर साडी राहिली बाजूला, गल्ल्यावरच्या शेटजींना ते सांगत होते, “हा माझा मुलगा. म्हणजे ह्याची आई माझी बायको. लग्न परवाच झालं. हा स्वतः साक्षीला होता!” शेटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी समोरचं नऊवारीचं गाठोडं उगाच उलगडायला घेतलं. लिफ्टमध्ये, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसलेलो असताना, सगळीकडे हेच. मला ते ‘पुट्टा’ म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये छोकरा. मी एकोणपन्नास वर्षांचा छोकरा. आणि मी त्यांना काय म्हणायचो? काहीच नाही. बाबा म्हणवेना, काका म्हणणं आईला रुचलं नसतं. माझी मुलगी सई पहिल्याच दिवशी ‘अज्जा’ म्हणून मोकळी झाली, बायको ‘अप्पा’ म्हणू लागली. मी नुसतं ‘अहो’ म्हणायचो. आईही त्यांना ‘अहो’च म्हणते. त्यामुळे आतल्या खोलीतून माझी हाक गेली की ते “आलो गं” म्हणून यायचे आणि मला पाहून, मुळीच निराश न होता, “सांग पुट्टा” म्हणायचे.

सईची दहावीची परीक्षा संपली आणि तिने शहराबाहेरच्या थीम पार्कात दोन रात्री राहायला जायचा हट्ट धरला. “अज्जा येणार नसतील तर मीही नाही.” आता अज्जांचा गुडघा दहा मिनिटांच्या वर चालू देत नाही. व्हीलचेअरचं नाव काढलं तर म्हणाले, “खुर्ची दुसऱ्याने ढकलायची. मग मी माणूस राहिलो नाही, सामान झालो.” शेवटी त्यांनीच तोड काढली. चामराजपेटेत त्यांच्या जुन्या घरामागच्या रस्त्यावर दवाखान्याचं सामान भाड्याने देणारं एक दुकान आहे. पलंग, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, आणि ह्या सगळ्या उदास मंडळींच्या मागे, कोपऱ्यात, एक लालभडक, बॅटरीवर चालणारी, चार चाकांची स्कूटर. पुढे टोपली, मऊ सीट, हँडलवर वेगाचं गोल बटण. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं.

दुकानदार बिचारा समजावू लागला, “कासव म्हणजे हळू, ससा म्हणजे जोरात. एवढंच आहे, सर.”

“आणि मधे?”

“मधे… मधे मधलं, सर.”

“मधल्याला प्राणी नाही? नापास.” मग त्यांनी चाकं मोजली, ब्रेक दाबले, सीटखाली डोकं घातलं. “चालताना आवाज कसा नाही हिला? मागून आलेली कळायची कशी?”

“तेच तर चांगलं आहे, सर.”

“काय चांगलं? न सांगता येतो तो चोर,” असं म्हणून ते चाचणीला निघाले. सशावर जायचं, ब्रेक मारायचा, उतरायचं, टेपने अंतर मोजायचं, पुन्हा बसायचं. भाजीच्या दोन गाड्या, एक बसलेली गाय आणि दारातली ताजी रांगोळी चुकवून ते वीस मिनिटांनी परत आले तेव्हा टोपलीत आईसाठी मोगऱ्याचा गजरा होता. सीटवर खडूची खूण झाली. मग फॉर्म. त्यात ‘सोबतची जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. त्यांनी माझं नाव लिहिलं, आणि नात्याच्या जागी, अक्षर वळणदार काढत, ‘मुलगा’. मी एका वॉकरवर चिकटवलेली किंमत फार लक्षपूर्वक वाचत उभा राहिलो.

पार्कात तर त्यांनी राज्यच केलं. मला वाटलं होतं की त्यांना सांभाळावं लागेल. उलट सकाळी दहाच्या आत पाण्याच्या खेळांपाशी नेमलेली सगळी मुलं त्यांना नावाने ओळखू लागली, आणि त्यांच्यामार्फत मलाही. आई गजरा माळून मागे सीटला धरून चालत होती आणि ते तिच्या चालीला जमेल असं कासवावर जात होते. मध्येच थांबून त्यांनी तिला सीटवर बसवलं. आई हँडल धरून “अहो, थांबवा! अहो, नका थांबवू!” असं दोन्ही ओरडत गोल फिरली. सई हसून हसून लोळायची बाकी होती. मग तिथे सावलीत बसलेल्या, नातवंडांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या एक अज्जी पुढे आल्या. त्यांना एक फेरी. मग त्यांच्या जाऊबाई. दुपारपर्यंत त्या झाडाखाली दहा-बारा म्हाताऱ्यांची रांग लागली. पाळण्यांसाठीही कुणी एवढी लावत नसेल. हे बाजूला उभे राहून, काठीवर रेलून, हात वर करून हुकूम सोडत होते, “अक्का, कासव! कासव ठेवा! ससा शेवटच्या फेरीला!”

मी उठून कणसं आणायला गेलो. तिथे मागून हाक आली.

“सर! ओ माय गॉड, तुम्ही? आणि हाफ पँटमध्ये?”

माझ्या टीममधली प्राची. पुण्याची, बोलकी, केस ओले, बरोबर नवरा. मी कसाबसा हसलो. ती म्हणाली, “सर, तिकडे ते रेड गाडीवाले अंकल बघितले का? सगळ्या आज्यांना राइड देतायत! सो क्यूट! मघाशी तुम्ही त्यांच्याजवळ उभे होतात ना? तुमचे कोणी आहेत का?”

सरळ ‘हो’ म्हणायचं होतं. पण पाच वर्षांपूर्वीचा तो बुके प्राचीनेच निवडला होता. ‘काकूंचा गुडघा कसा आहे?’ हे ती आजही अधूनमधून विचारते, आणि मीही ‘बरा आहे’ म्हणून सांगतो. ‘हो’ म्हटलं की पुढे ‘कोण?’ येणार, मग ‘कधी?’ येणार, आणि सोमवारी हे सगळं माझ्याआधी ऑफिसात पोचणार. एवढा सगळा हिशेब मनात कणसाला लिंबू लागायच्या आत झाला.

“छे छे,” मी म्हणालो. “मी नाही ओळखत. असेल कोणीतरी.”

असेल कोणीतरी. आदरार्थी सुद्धा नाही.

प्राचीची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळलो. हातभर अंतरावर लाल स्कूटर उभी होती. तिचा आवाज होत नाही. त्यांच्या हातात माझी टोपी होती. ती मी आईजवळच्या बाकावर विसरून आलो होतो, आणि ऊन लागेल म्हणून ते रांग मोडून ती द्यायला आले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. सुटा भाग हातात घेऊन बघावा इतकंच. मग टोपी पुढे केली. “सर, ही तुमची का? तिकडे बाकावर राहिली होती.”

“अय्या, अंकल, तुम्ही मराठी!” प्राची ओरडली. “इकडचेच का तुम्ही?”

ज्या प्रश्नाची हा माणूस आयुष्यभर वाट बघत असतो, तो प्रश्न. चाळीस मिनिटांचा.

“हो,” ते म्हणाले. “चामराजपेट.”

आणि गाडी मागे घेतली. मागे घेताना मात्र ती पीं पीं करते.

जेवताना मी घास मोजत होतो. आता आईसमोर काही निघेल, मग निघेल. काही निघालं नाही. पापड आडवा धरून त्यांनी टेप लावली, सईला पास-नापास समजावलं, आणि उठताना मला म्हणाले, “टोपी घाल, पुट्टा. ऊन फार आहे.” त्यांच्या आवाजात कुठेही राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माफी मागायला धरायला काहीतरी मिळालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टच्या लिफ्टमध्ये हुबळीचं एक कुटुंब शिरलं. मी सवयीने अंग चोरलं. ते म्हणाले, “ही माझी बायको, ही सून, ही नात.” आणि मग लिफ्टच्या वर बदलणाऱ्या आकड्यांकडे पाहू लागले.

ह्याला दीड वर्ष झालं. माणूस मजेत आहे. डोसे मोजले जातात, आई लाजते, आणि लाल स्कूटर येत्या उन्हाळ्यासाठी सईने परस्पर सांगून ठेवली आहे. घरात मी अजूनही पुट्टाच आहे. फक्त घराबाहेर, चार माणसांत, ते माझी ओळख करून देत नाहीत. सगळ्यांची देतात, अगदी आमच्या गाडीच्या मेकॅनिकचीसुद्धा. माझ्यापाशी आले की हवापाण्याचं काहीतरी बोलतात. हे बंद व्हावं म्हणून साडेतीन वर्षं मी मनातल्या मनात हात जोडत होतो. आता लिफ्टचं दार बंद झालं की मी वाट बघतो. परवा आई म्हणाली, “अलीकडे हे बाहेर जरा गप्प असतात, नाही रे? वय झालं.” मी म्हणालो, “झालं असेल.”

प्राची अजून माझ्याच टीममध्ये आहे. तिच्या लेखी तो लाल गाडीवाला कोणी अनोळखी भला माणूस आहे. तिच्यासमोर, ऑफिसातल्या सगळ्यांसमोर, ते शेजारी उभे असताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी एक ओळख करून द्यायची आहे: हे माझ्या आईचे यजमान, आणि मी ह्यांचा मुलगा. इथे लिहून ते होत नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि आजच्या तारखेपर्यंत ते दिलेलं नाही.