आखूड बॅरल

बाबा सौंसरजवळच्या बागेत संत्रातोडीला जायचे, माय कापूस वेचायला. पावसाळ्यात काम बंद पडलं की आमची चूल एकच वेळ पेटायची. त्या घरातून मी बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. साहेबांच्या दारी चिठ्ठ्या घेऊन फिरलो नाही, सरळ फौजेच्या भरतीला गेलो.

ऐंशीच्या दशकात आमची कंपनी ईशान्येला, बांबूच्या जंगलात होती. लोधीखेड्याचा लान्स नायक सुखदेव गस्तीत सगळ्यात पुढे, म्हणजे स्काउट. त्याच्या मागे मी. चाचणीसाठी दोन तऱ्हेच्या रायफली आल्या, एक लांब बॅरलची, एक आखूड. लांब बॅरलचा निशाणा दूरवर पक्का. पण तिथे दुश्मन दहा पावलांवर दिसायचा, आणि वळताना लांब बॅरल बांबूत अडकायची. आमच्या हवालदारांचीही दोनदा अडकली.

"दरबारात तूच बोल बे, ग्रॅज्युएट," सुखदेव म्हणाला. "मी बोललो तर साहेब म्हणतील, लोधीखेड्याचा बैल हंबरून राहिला."

हवालदार हसले. "बोल. मी आहे तुझ्या पाठीशी."

दरबारात, म्हणजे जवान-अधिकाऱ्यांच्या सभेत, मेजरसाहेबांनी विचारलं, "किसी को कुछ कहना है?" या प्रश्नावर सगळ्यांनी गप्प बसायचं, हा रिवाज. मी उठलो. "साब, स्काउट को छोटी बॅरल चाहिए."

मेजरसाहेब हवालदारांकडे वळले. "तुम्हारी राय?"

"लंबी ही ठीक है, साब. लड़का नया है."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फायरिंगची स्पर्धा जवळ आली होती. रेंज उघड्या मैदानात; तिथे लांब बॅरलच जिंकणार. बाहेर आल्यावर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. ट्रॉफी आली तर नाव सगळ्यांचंच."

ट्रॉफी आली. आखूड रायफली स्टोअरमध्ये गेल्या.

पुढच्याच गस्तीत, नाल्याच्या वळणावर उजवीकडे पानं हलली. सुखदेव वळला.

"अटकली बे..."

समोरून गोळ्यांचा बर्स्ट आला, सुखदेव कोसळला. मी फायर केला. समोरचा पळाला. मी रेडिओ उचलला.

"एक कॅज्युअल्टी."

"जिंदा है?"

"नहीं, साब."

चौकशीत मी दरबारातलंच पुन्हा सांगितलं. या वेळी हवालदारांनी लांब बॅरलची बाजू घेतली नाही.

सुखदेवला घेऊन मी लोधीखेड्याला गेलो. त्याच्या आईने विचारलं, "हातात बंदूक होती नं बापू, मंग कसा गेला?" मी सगळं सांगितलं. हवालदारांचं नावही सांगितलं.

चौकशीनंतर कंपनीच्या प्रत्येक स्काउटला आखूड बॅरल मिळाली. मी पेन्शनीवर येईपर्यंत बॅरल अडकून आमचा दुसरा जवान गेला नाही. सुखदेव तेवीस वर्षांचा होता.