पाव गुणाचा विजय

विल्फ ओल्डरॉइडचे केस कापणं म्हणजे जोखमीचं काम. सव्वासहा फूट उंची, मान रेड्यासारखी, आणि खुर्चीत बसवला की दोन मिनिटांत चुळबुळ सुरू. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात, फ्रीमन स्ट्रीटवर माझं दुकान चौतीस वर्षं चाललं, आणि विल्फचे केस मी एका बैठकीत कधीच कापू शकलो नाही. अर्धं डोकं झालं की तो उठायचा, दारापर्यंत जायचा, रस्त्यावर नजर टाकून परत यायचा.

"अरे, बस की रे नीट! कान कापला जाईल."

"काप. त्या बाजूचा तसाही कामाचा राहिलेला नाही."

तेवढ्यात दारावरून जाणारं कुणीतरी हमखास डोकावायचं. "काय म्हणतोय आपला विल्फ?" गावाला तो कायम 'आपला विल्फ'. बंदरावर माशांच्या पेट्या उचलणारा हा माणूस लंडनला बॉक्सिंगच्या रिंगमध्ये देशाच्या हेवीवेट विजेत्याशी लढला होता. भुवई फुटून डोळा रक्ताने बंद झालेला असताना नऊ फेऱ्या उभा राहिला, आणि पंचाने लढत थांबवली तेव्हा पंचावरच चिडला. हरून आला तरी स्टेशनवर बँड होता. आयांनी पोरं उचलून त्याच्यापुढे धरली होती.

पण लंडनच्या आधी हल शहरातली लढत झाली होती. विजेत्याला आव्हान कोण देणार, ते त्या लढतीवर ठरायचं होतं. समोर होता देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉर्नवॉलचा डेन्झिल ट्रेव्हास्किस, कॅम्बोर्नच्या कथलाच्या खाणीतला कामगार. विल्फ पाव गुणाने जिंकला. मी तिथे होतो. ओरडून ओरडून माझा घसा आठवडाभर बसला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका मंगळवारी, दुकानात आम्ही दोघंच होतो.

"हर्बी, हलला कोण जिंकलं होतं रे?" विल्फने विचारलं.

"डोकं फिरलं का तुझं? तू!"

"नाही. मी हरलो होतो."

मी कात्री खाली ठेवली. आमच्याकडे रिंगमधला पंच एकटाच गुण देतो आणि शेवटची घंटा झाली की जिंकणाऱ्याचा हात वर करतो. "पंच आमच्याकडे आला," विल्फ सांगू लागला, "तेव्हा मी डेन्झिलचं अभिनंदन करायला हात पुढे केला होता. शेवटच्या चार फेऱ्यांत त्याने मला धू धू धुतलं होतं. आणि पंचाने माझा तोच हात धरून वर केला. तुम्ही सगळे बोंबलत होता. मी डेन्झिलकडे बघितलं. तो हातमोजे दातांनी सोडवत बसला."

"मग तू का नाही बोललास?"

"लंडनला जायचं होतं ना मला." एवढं बोलून तो उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

त्याच्या बायकोला, एल्सीला, हे आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "तीनदा निघाला होता त्या माणसाला भेटायला. पहिल्यांदा डॉनकास्टरहून परतला. मग लंडनहून. तिसऱ्यांदा पार प्लिमथपर्यंत पोचला आणि तिथून मला फोन, की येतोय घरी. हर्बी, तू जा रे बाबा त्याच्याबरोबर. ह्या वेळी त्याला मधे उतरू देऊ नकोस."

म्हणून मी दुकान बंद ठेवलं आणि गेलो. गाडीत तो एका जागी बसला असेल तर शपथ. लंडन ते कॅम्बोर्न तो डब्यातून चालतच आला म्हणा ना. प्लिमथ आलं तेव्हा मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"सर बाजूला," तो म्हणाला.

"नाही सरत. आधी मला पाड."

माझ्याकडे बघून तो हसला. गाडी सुटली.

दगडी घरांच्या रांगेतलं शेवटचं घर. दार उघडलं डेन्झिलच्या बायकोने, लव्हडे तिचं नाव. तिने विल्फच्या भुवईवरचा व्रण बघितला आणि आत वळून एवढंच म्हणाली, "अहो, ते आलेत." डेन्झिल शेगडीपाशी बसला होता. खाणीच्या धुळीने छाती खाऊन टाकलेला, निम्मा झालेला माणूस. त्याने बसा म्हटलं नाही. विल्फने टोपी काढली आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं.

"पुन्हा म्हण," डेन्झिल म्हणाला.

"हलला तू जिंकला होतास."

"लव्हडे, इकडे ये. हां, आता हिच्यासमोर म्हण. तेवीस वर्षं मी हिला सांगतोय, आणि ही म्हणते, जाऊ द्या हो, पंचाचं काय वैर होतं तुमच्याशी?"

विल्फने तिसऱ्यांदा सांगितलं. लव्हडेने हात एप्रनला पुसले आणि ती खाली बसली. चहा करायचं तिला सुचलंच नाही.

मग डेन्झिलने कोट चढवला, खोकत खोकत आम्हाला खाणकामगारांच्या क्लबात नेलं आणि चाळीसेक माणसांसमोर विल्फला उभं केलं. विल्फचं बोलून झालं. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "तेवीस वर्षं लागली? पायी आलास काय?"

सगळे हसले, डेन्झिल सोडून. परत जाताना तो थांबला. "इथे सांगून काय उपयोग? इथे सगळ्यांना माहीतच होतं. तुझ्या गावात सांग."

त्याच वर्षी आमच्या बॉक्सिंग क्लबच्या सभागृहाला विल्फचं नाव द्यायचं ठरलं होतं. जेवणावळ, महापौर, भाषणं. विल्फ उभा राहिला आणि म्हणाला, "मला तुम्ही लंडनला पाठवलंत, पण जायला हवा होता डेन्झिल ट्रेव्हास्किस. हलला मी हरलो होतो." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ताटं वाजली. "बघा, किती साधा माणूस!" महापौरांनी डोळे पुसले. विल्फने टेबलावर मूठ आपटली, "अहो, खरं सांगतोय!" तर लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. सहा जण लागले, तरी जमलं नाही.

रविवारी दुपारी डेन्झिलचा फोन आला. मी तेव्हा विल्फकडे जेवायला होतो.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या लेकाच्यांनी."

पलीकडे डेन्झिल हसायला लागला, आणि हसता हसता त्याला असा खोकला आला की लव्हडेने फोन काढून घेतला. त्यानंतर दर रविवारी फोन. विल्फ उभ्यानेच बोलायचा, तारेला ताण बसेपर्यंत इकडून तिकडे जात.

दोन वर्षांनी डेन्झिल गेला. विल्फ, एल्सी आणि मी कॅम्बोर्नला गेलो. चॅपलबाहेर शवपेटी अजून लोकांच्या खांद्यावर होती, तोच एक मनुष्य विल्फपाशी आला. हातात प्रार्थनेचा कागद आणि पेन. "तुम्हीच ना ते? एक सही द्या की, आमच्या मुलासाठी."

डेन्झिलच्या गावात, डेन्झिलच्या अंत्ययात्रेत. मला वाटलं, आता विल्फ त्याला ठोसा मारणार. पण त्याने कागद घेतला, भिंतीवर टेकवला आणि लिहिलं, 'डेन्झिल ट्रेव्हास्किसने मला हलला हरवलं. विल्फ ओल्डरॉइड.' त्या माणसाने वाचलं, टोपी काढली आणि गप्प रांगेत जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून विल्फने दुसरी सही केलीच नाही. ग्रिम्सबीत कितीतरी घरांत, मासे-चिप्सच्या दुकानांत ते वाक्य चौकटीत लागलं. लोक पाहुण्यांना दाखवायचे, "आपल्या विल्फची गंमत बघा!" एकदा तो एका दुकानात चौकटीखाली उभा राहून गिऱ्हाइकांना अर्धा तास समजावत होता. त्यांनी त्याला हॅडॉक माशाचा मोठा तुकडा फुकट दिला.

"आता तरी बरं वाटतं का रे?" मी एकदा विचारलं.

"बरं कशाचं? डेन्झिलला लंडन बघायला मिळालं नाही. ते मी कुठून आणू?"

शेवटची दोन वर्षं तो रोज बंदरापासून शेजारच्या क्लीथॉर्प्सपर्यंत चालत जायचा आणि यायचा, वाऱ्यापावसातसुद्धा. मार्चमधल्या एका सकाळी समुद्रकाठच्या भिंतीपाशी कोसळला, आणि तिथेच संपला.

अंत्यसंस्काराला चर्च अपुरं पडलं. कॉर्नवॉलहून लव्हडे आली होती, एकटी. एल्सीने तिला पहिल्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं. पाद्रीबुवा विल्फचं आयुष्य वाचून दाखवत होते. "...हलमधल्या त्या अविस्मरणीय विजयानंतर..."

एल्सी उठून उभी राहिली. "हलला तो हरला होता. ह्या बाईंच्या नवऱ्याने हरवलं त्याला. तेवढं दुरुस्त करा आणि मग पुढे वाचा."

पाद्रीबुवांनी चष्मा सारखा केला, खिशातून पेन काढलं आणि खरोखरच कागदावर काहीतरी खोडलं. लव्हडेने एल्सीचा हात धरला.

माझ्या मागून कुणीतरी कुजबुजलं, "नवऱ्यासारखीच साधी हो बिचारी."

मी गर्रकन वळून बघितलं. दहा-बारा ओळखीचे चेहरे, सगळ्यांचे डोळे भरलेले. कोण बोललं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.