गुरुवारचे मास्तर

मास्तरांनी उभ्या जन्मात पुढच्या दातांनी काही चावलं नसेल. त्यांच्या गावाच्या, न्हावऱ्याच्या, चहूबाजूंनी ऊस. एसटीत शेजारी बसलेला कुणीतरी कांडं सोलून पुढं करायचा आणि मास्तर हात जोडायचे. भाकरीसुद्धा कालवणात भिजवून गालाच्या कडेनं खायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "वरचं दोन दात माझं न्हाईत, क्लॅरिनेटचं हायत. मला दाढा दिल्यात की खुदानं."

शिरूरच्या एका बँडमध्ये, क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरून, त्यांनी हयातभर वराती वाजवल्या. घर न्हावऱ्याला. मी शिरूरला राहायचो आणि दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरला सकाळची एसटी धरायचो, आणि दर गुरुवारी मास्तर न्हावऱ्याला चढायचे. मांडीवर काळी पेटी, डोक्याला पांढरी टोपी, आणि तोंडात लवंग. मला ते भाऊसाहेब म्हणायचे. दौंडला गुरुवारी काय असतं, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सांगून कळायचं न्हाई. या एकदा ऐकाया."

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक निवृत्त गार्डसाहेब राहायचे. अँग्लो-इंडियन, उंच, थोडे पोक आलेले. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात. कॉलनीतल्या जुन्या हॉलमध्ये एक पियानो होता. त्याच्या बऱ्याच पट्ट्या मुक्या झालेल्या. वडिलांच्या तबकड्या ऐकून शिकलेलं ब्लूज आणि बूगी, हे अमेरिकी संगीत, ते त्यावर वाजवायचे. एकदा कॉलनीतली वरात आटोपून मास्तर हॉलच्या पायरीवर पाणी पीत बसले होते, तेवढ्यात आत पियानो सुरू झाला. मास्तर पेटी उघडून आत गेले आणि न विचारताच बाजूला उभे राहून वाजवू लागले. गार्डसाहेबांनी मान वळवून पाहिलं, हात थांबवले नाहीत. दोघंही साठीच्या पुढचे. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणून गुरुवार ठरला. पुढं मीही जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन बसू लागलो.

"बायाँ हाथ इंजन है मास्टर, उसको रुकना नहीं माँगता," असं गार्डसाहेब म्हणायचे. खरंच, त्यांचा डावा हात एकदा चालू झाला की थांबत नसे, आणि त्याच्यावरून मास्तरांची क्लॅरिनेट कुठं रेंगाळायची, कुठं पळायची. ब्लूज म्हणजे काय, हे मला मास्तरांनीच सांगितलं. "दुखाचं गाणं हाय, पर बसून रडायचं न्हाई. चालत चालत रडायचं." त्यात एक सूर थोडा खाली ओढून घ्यायचा असतो. गार्डसाहेबांनी तो समजावून सांगितला तेव्हा मास्तर हसले होते. "आवो, नवरी सासरला निघती तवा आम्ही ह्योच सूर काढतो की!"

मग ते जोडीनं बाहेरही वाजवू लागले. तेव्हा गार्डसाहेब अकॉर्डियन गळ्यात अडकवायचे. नाताळातला नाच, कुणाचा सेंड-ऑफ, आणि एकदा सणसवाडीच्या एका कारखान्याचा वार्षिक समारंभ. तिथं लोकांना सिनेमाची गाणी हवी होती. वाजवणं चालू असतानाच आयोजकांनी चिठ्ठी पाठवली, 'थांबवा.' मास्तरांनी ती वाचली आणि खिशात घातली. मग आयोजकांनी माईकच बंद केला. तरीही दोघांनी गाणं शेवटापर्यंत नेलं. टाळ्या अशा वाजल्याच नाहीत. परतताना गार्डसाहेब खुशीत होते. चिठ्ठीचं मास्तरांनी त्यांना कधीच सांगितलं नाही.

पुढं गार्डसाहेबांची साखर वाढली. पायाची जखम भरेना. एकदा न्हाणीत पडले आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत दुपार झाली. मुलीनं तिकडे न्यायचे सगळे कागद केले, पण ते हलेनात. माझ्यासमोरच म्हणाले, "मास्टर बजाता है तब तक हम इधरच."

पुढच्या गुरुवारी मास्तर न्हावऱ्याला चढले ते तोंडावर रुमाल धरून. मांडीवर पेटी नव्हती. शेजारी बसल्यावर त्यांनी रुमाल काढला. वरचे दोन्ही दात नव्हते.

"पडले?" मी विचारलं.

"काढून घेतलं. हलत हुतं. डाक्टर म्हनला, अजून दोन-चार वर्सं जातील. म्या म्हनलं, नगं, आजच काढ." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "त्येला पडलं म्हनून सांगायचं, भाऊसाहेब. तुम्ही मधी बोलायचं न्हाई."

हॉलवर त्यांनी तसंच सांगितलं, मी मधे बोललो नाही. गार्डसाहेब बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कवळी लावून बघू, म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. हिरड्या धरत नाहीत, सूर फाटतो, म्हणाले. त्या दिवशी गार्डसाहेबांनी एकट्यानंच थोडं वाजवलं आणि झाकण लावलं. महिन्याभरात ते मुलीकडे जायला निघाले. स्टेशनावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली नाही. नुसते हात हातात घेऊन उभे होते, गाडी हलेपर्यंत.

पावसाळा संपता संपता मुलीचं इंग्रजी पत्र मास्तरांच्या पत्त्यावर आलं. ते घेऊन ते माझ्या ऑफिसात आले. पार्सलांच्या गोण्यांमध्ये उभं राहून मी त्यांना वाचून दाखवलं : बाबा झोपेतच गेले, त्रास झाला नाही, तुमचं नाव काढायचे. शेवटी एक ओळ होती : इथं आल्या दिवसापासून ते मला परत दौंडला ने म्हणत होते, मी नेलं नाही, मला माफ करा. ती ओळ मी वाचली नाही.

"येवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी पत्राची घडी केली. "झोपंत गेला. बरं झालं मग, धाडला त्ये," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस ते दिसले नाहीत. उन्हाळा लागताना एकदा परतीच्या एसटीत भेटले. खूप वाळले होते. बोलताना शब्द निसटत होते.

"पत्रातली येक वळ तुम्ही वाचली न्हाई, भाऊसाहेब. परवा सुनंनं वाचली."

मला मान वर करवेना. "तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"ठावं हाय. म्या बी त्येला तसंच खोटं सांगितलं हुतं. चांगल्यासाठीच." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "राग न्हाई. पर तवाच कळलं असतं तर तवाच रडलो असतो. सहा म्हैनं मी मजेत जेवलो, भाऊसाहेब."

न्हावरं आलं. दांड्याला धरून ते हळूहळू उतरले. मागं वळून त्यांनी हात केला, नेहमी करायचे तसा.

त्याच महिन्यात माझी बदली पुण्याला झाली. मास्तर गेल्याचं मला कळलं, तोवर त्यांचा चाळिसावा दिवसही होऊन गेला होता.