अजून दोन बोटं खाली

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणत. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसायची आणि एक टाका सुटलेला असला तरी अख्खा शर्ट परत पाठवायची. एकतीस वर्षं तिने हेच केलं आणि घरी आल्यावरही तेच चालू ठेवलं. माझ्या घड्या, माझं झाडणं, माझं बोलणं, सगळं तिच्या नजरेखालून जायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं. लग्न तिने केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिने शिकवून मोठं केलं हे खरं आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी ते मला ऐकवलं जायचं. मला ती आवडत नाही. सोळा वर्षांत एकदाही आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

गेल्या वर्षी नवऱ्याने हौसेने मोठा टीव्ही घेतला. तो भिंतीवर कुठे लावायचा हे अर्थातच तिने ठरवलं. मी म्हटलं, सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांसमोर यावा. माझ्याकडे न बघता तिने हात वर करून फिटरला जागा दाखवली, दाराच्या चौकटीहूनही वर. खाली लावला तर हिच्या झाडूचा दांडा लागेल, म्हणाली. टीव्ही छताला जाऊन भिडला. आठ दिवसांत नवऱ्याची मान धरली आणि मुलगी जमिनीवर आडवी होऊन कार्यक्रम बघायला लागली. मग नणंदबाईंनीच तोंड उघडलं की फार वर लावलाय, काही दिसत नाही. सूर असा, जणू वर लावायला मीच सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा फिटर बोलावला, टीव्ही खाली आला. आता सगळ्यांना तो बरा वाटत होता, तिला नाही. आधी म्हणे वरचं दिसत नाही, मग म्हणे खालचं कापलं जातं. दिव्याचा उजेड पडतो म्हणाली, म्हणून मी दिवा बदलला. सोफा पुढे ओढायला लावला, दोन दिवसांनी मागे. मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, तुमच्या ताईंना टीव्ही बघायचाच नाहीये, त्यांना मला नाचवायचं आहे. तो नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

माझ्याकडे पुरावेही होते. त्या महिन्यांत तिचा वाकडेपणा हद्दीबाहेर गेला होता. ओट्याच्या कडेला ठेवलेले माझे तीन कप तिने कोपराने पाडले आणि प्रत्येक वेळी कप कडेला ठेवलाच कशाला म्हणून मलाच झापलं. मी फरशी पुसून बादली उचलायच्या आत ती त्यावरून पावलं उमटवत जायची. जिन्यात शेजारीण हसून बाजूने गेली तर हिने ओळखसुद्धा दाखवली नाही. शेजारणीने ते मला बोलून दाखवलं आणि माफी मागितली ती मी.

तिसऱ्यांदा आलेला फिटर वेगळा होता. पन्नाशीचा, माझ्याइतकाच तिरसट. टीव्ही उतरवल्यावर भिंतीतली आठ भोकं बघून त्याने विचारलं, भिंत आहे की चाळणी, आणि आधी उंची ठरवा, मगच मी ड्रिल काढतो, म्हणाला. खोक्याचा पुठ्ठा त्याने टीव्हीच्या मापाने कापला आणि आम्हाला रोजच्या जागांवर बसवलं. आम्ही बसलो. तो मात्र खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि काही करेचना. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाला, परका माणूस समोर असला की लोक फोटोला बसल्यासारखे ताठ बसतात, त्या मापाने लावला की टीव्ही वर जातो आणि शिव्या फिटरला पडतात. जरा पाठ वाकू द्या तुमची. दहा मिनिटांत नवरा सोफ्यावरून अर्धा घसरला, मुलीने पाय वर घेतले, मीही उशीला टेकले. नणंद तेवढी पट्टीसारखी सरळ बसून होती.

मग त्याने पुठ्ठा भिंतीला लावून धरला आणि एकेकाला विचारलं. आम्हा तिघांचं लगेच जमलं. नणंदेचं काही जमेना. खाली, अजून खाली, थोडा वर, परत खाली. शेवटी हात भरून आले म्हणून त्याने पुठ्ठा काढला, पायाशी टेकवून ठेवला आणि खिशात पेन्सिल शोधायला लागला. समोर नुसती भिंत होती.

“अजून दोन बोटं खाली घ्या,” नणंद म्हणाली.

मुलगी हसली. तिला वाटलं आत्या गंमत करतेय. आत्याने जन्मात कधी गंमत केलेली नाही. फिटरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पुठ्ठ्याला हात न लावता त्याने हळूच विचारलं, “आता?”

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली.

त्याने आमच्या तिघांच्या उंचीवर टीव्ही लावला आणि तो गेला. माझ्या डोक्यात मात्र कप, ओली फरशी, शेजारीण, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी आनंद झाला. सोळा वर्षं माझ्या चुका शोधणारीला समोरची भिंत दिसत नव्हती.

मी स्वयंपाकघरात तिच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिले. तिला पत्ता नव्हता. ती पाण्याचा तांब्या चाचपत होती. मी श्वास सोडला तशी ती दचकली आणि मला सगळं कळलंय हे तिलाही कळलं. कुणाला बोलू नकोस, म्हणाली. तिने माझ्याकडे काहीतरी मागण्याची ती पहिली वेळ होती. दोन वर्षांपासून असं आहे, कारखान्यात ती शिवणीवरून अंगठा फिरवून टाके तपासते, अजून कुणाला शंका आलेली नाही, नोकरीचं दीडच वर्ष राहिलंय, असं तिने भराभर सांगितलं.

“ताई, डॉक्टरांना दाखवलंत?”

“डॉक्टर चिठ्ठी देणार, चिठ्ठी कारखान्यात जाणार. टेबल गेलं की या घरात मी कोण? तुझ्या हाताकडे बघत बसलेली एक म्हातारी.” मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. “सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही.”

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवताना, मुलीसमोर, भाजी वाढता वाढता. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण मला तिचा चेहरा बघायचा होता. तो बघितला. ती ताटावरून उठली, खोलीकडे निघाली आणि खांदा धाडकन चौकटीवर आपटला. त्यानंतर नवऱ्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, तेही धूसर. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून टिकवता येईल. अजून सहा महिने गेले असते तर तेही राहिलं नसतं, असं ते नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

टेबल गेलं. कारखान्यातून ती एक कात्री आणि डबा घेऊन घरी आली आणि माझ्याशी बोलायची थांबली. टीव्ही लावला की सोफ्यावर ताठ बसते, बघते की नुसतं ऐकते ते विचारायची कुणाची छाती नाही.

थेंब दिवसातून तीन वेळा. नवरा कामावर, मुलगी शाळेत. पहिले दोन दिवस तिने स्वतः प्रयत्न केला. थेंब गालावर पडले, कानात गेले, डोळ्यात एकही गेला नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या हातातून बाटली ओढून घेतली. तेव्हापासून ती खुर्चीत मान मागे टाकते, मी एका बोटाने पापणी खाली ओढते आणि थेंब घालते. डोळा मिटून मिनिटभर बसायचं असतं. तेवढा वेळ मला तिच्यासमोर उभं राहावं लागतं. असे दोन महिने गेले, एक शब्द नाही.

परवा मान मागे टाकलेली असतानाच ती बोलली.

“माझ्या भल्यासाठी नव्हतं सांगितलंस तू.”

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण तिचा उजवा डोळा माझ्यावर रोखलेला होता आणि इतक्या जवळून तिला दिसतं.

“नाही,” मी म्हटलं, आणि थेंब सोडला.

तिने डोळा मिटला. मिनिट पूर्ण झालं.

“मग बरं झालं,” ती म्हणाली. “नाहीतर जन्मभर तुझे उपकार मानत बसावं लागलं असतं. घाल आता दुसऱ्यात.”