गाडी उभी करण्यात आली

आमच्या नोरीन कॅटरॉलला आयुष्यात व्यसन एकच, माफी मागायचं. बाजारात कुणी तिच्या पायावरून ट्रॉली नेली तर ही ट्रॉलीवाल्याला सॉरी म्हणणार. दाराला धडकली तर दाराला. इथे उत्तर इंग्लंडात, अ‍ॅक्रिंग्टनमध्ये सगळेच कमीजास्त म्हणतात, पण नोरीनचं म्हणजे कहर. हिच्या लग्नात पाद्र्याने "कुणाची हरकत आहे का?" असं विचारलं आणि नेमकी हीच शिंकली, मग पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांची माफी मागत सुटली, असं लेन सांगायचा. लेन म्हणजे तिचा नवरा. आता त्याला सांगता येत नाही.

लेन दोन वर्षांपासून टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. बायकोचं नाव त्याला आठवत नाही. पण दुपारी तीनला ती दिसली नाही की फाटकाशी जाऊन उभा राहतो, मग पाऊस असो की वारा, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिकडची बस बंद झाली. आता ज्या बाईने चाळीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून नकाशा उलटा धरला, ती सहासष्टाव्या वर्षी गाडी शिकली आणि लीजवर एक छोटी लिंबाच्या रंगाची गाडी घेऊन आली. गाडी कंपनीची, भाडं हिचं, करार एप्रिलातल्या ईस्टरपर्यंत.

फेब्रुवारीत ती बागसामानाच्या दुकानात लेनसाठी फुलांचे कांदे आणायला गेली. तिथल्या आवारात गाडी फुकट लावता येते, पण दीड तासच. तिथे गाठ पडली शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर थ्रेलफॉलशी, आणि त्याने आपल्या नव्या खुब्याचं ऑपरेशन सांगायला घेतलं. माणूस बोलत असताना मधेच उठणं नोरीनला जमणं शक्य नाही. खुबा बसून टाके पडेपर्यंत वर बावीस मिनिटं झाली. कॅमेऱ्याने येताना आणि जाताना फोटो काढला आणि आवाराचा ठेका असलेल्या पार्किंगवाल्यांनी शंभर पौंडांच्या दंडाची चिठ्ठी धाडली, ती गाडीच्या मालकाला, म्हणजे लीजवाल्यांना. लीजवाल्यांनी नोरीनचं नाव त्यांना कळवलं आणि हिला लिहिलं की प्रकरण मिटेपर्यंत नवा करार होणार नाही.

म्हणजे ईस्टरनंतर गाडी नाही. गाडी नाही तर तीन वाजता नोरीन नाही.

"मग भरून टाक," असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण लीजवाल्यांची गंमत अशी, की दंड भरला म्हणजे चूक कबूल, आणि कबूल केलेली चूक त्यांच्या वहीत चढते. आधीची एक होती, लायब्ररीच्या दारातली. दुसरी चढली की करार संपला. नाही भरला तर प्रकरण मिटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

नोरीन माझ्याकडे आली ती पोस्टाचं तिकीट मागायला. हातात पत्र तयार.

"काय लिहिलंयस?"

"काही नाही गं आयव्ही, त्यांना कळवलंय."

मी वाचलं. पाच वाक्यांत सात सॉरी. 'मी गाडी लावली, मी वेळ पाहिली नाही, आपल्याला उगाच त्रास झाला.' शेवटी कॅमेरा सांभाळणाऱ्या माणसाचीही चौकशी. मी ते पत्र तिथल्या तिथे चुलीत घालणार होते, पण आमची चूल विजेची.

आता मी कोण ते सांगते. मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांच्या खात्यात पत्रं लिहिली. 'भाडेवाढ करण्यात आली आहे.' 'आपला अर्ज नाकारण्यात येत आहे.' कुणी वाढवलं, कुणी नाकारलं? कुणीच नाही. एकतीस वर्षांत आमच्या खात्यात एकाही माणसाने काही केलं नाही, सगळं आपोआप करण्यात आलं. लोक शिव्या द्यायला यायचे आणि द्यायच्या कुणाला ते न कळून परत जायचे. ती विद्या अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं.

लायब्ररीत बसून मी नियम काढला. गाडी लीजची असेल तर पार्किंगवाल्यांनी भाडेकरूला चिठ्ठीसोबत लीजच्या कराराची नक्कल पाठवायची. नाही पाठवली तर भाडेकरूकडून दमडी मागता येत नाही. मग ते फक्त चालवणाऱ्याला धरू शकतात, आणि चालवणारा कोण हे कॅमेऱ्यात दिसत नाही. नोरीनच्या पाकिटात चिठ्ठी होती, नक्कल नव्हती.

"म्हणजे कोण चालवत होतं हे सांगायचं नाही," मी म्हटलं.

"पण मीच चालवत होते."

"माहितेय. लिही, 'गाडी उभी करण्यात आली.'"

"कुणी?"

"तेच लिहायचं नाही, बाई."

"मग काय गाडी स्वतःच कांदे आणायला गेली?"

"ते त्यांनी शोधावं. खोटं काहीच नाही यात. नुसतं गप्प बसायचं."

"माझी आई म्हणायची, गप्प बसणं म्हणजे खोट्याचं धाकटं भावंड."

"तुझी आई नगरपालिकेत नव्हती."

चार ओळींच्या पत्राला एक सबंध दुपार लागली. दर ओळीत तिचा 'मी' डोकं वर काढायचा आणि मी तो दाबायची. सहीच्या वर 'क्षमस्व' लिहीत होती, तिचा हात धरला.

पहिली दाद पार्किंगवाल्यांकडेच मागायची असते. उंदराला मांजर साक्ष! फेटाळण्यात आली, हे सांगायला नको. मग प्रकरण बाहेरच्या पंचाकडे गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. तेवढ्यात या शहाणीने काय करावं? पार्किंगवाल्यांनी कॅटरॉलच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन 'एल'पैकी एक खाल्ला होता, तो सांगायला त्यांना फोन लावला. मी दारातून आत येते तो फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, आणि पलीकडून एक मधाळ पोऱ्या.

"नाव दुरुस्त केलं हं, मिसेस कॅटरॉल. आणि त्या दिवशी गाडी आपणच चालवत होतात ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी दोन्ही हात हलवले, मानेवरून सुरीसारखं बोट फिरवलं. पोऱ्या थांबला. त्याला पक्कं ठाऊक, आमच्याकडच्या माणसाला शांतता सोसत नाही. नोरीनचा चेहरा लालबुंद. ओठ उघडले. आता आलं सॉरी, म्हटलं, गेली गाडी.

"आमच्याकडे आज वारा काय सुटलाय," नोरीन म्हणाली.

"हो का," तो म्हणाला. बिचारा तरी काय करणार, तोही इथलाच. "इकडे रिमझिम आहे. पण गाडी..."

"रिमझिम बरी. वाऱ्याने माझे वाळत घातलेले कपडे थ्रेलफॉलकडे जातात."

सात मिनिटं हवापाण्याच्याच गप्पा झाल्या. शेवटी त्यानेच सॉरी म्हणून फोन ठेवला. नोरीन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आयव्ही, मला चहा दे. मी पापी आहे."

मार्चअखेरीस पंचाचं पत्र आलं. कागदपत्रं जोडलेली नसल्याने दावा रद्द करण्यात येत आहे. कुणाकडून, ते लिहिलं नव्हतं. माझ्या माहेरचं पत्र यावं तसा मला आनंद झाला. चार दिवसांनी लीजवाल्यांचंही आलं, गाडी आणखी तीन वर्षं. नोरीनने दोन्ही पत्रं हँडबॅगेत ठेवली आणि म्हणाली, "चल, आज लेनला भेटायला तूही ये."

मी आजवर तिच्याबरोबर गेले नव्हते. कामं होती म्हणायची, खरं म्हणजे भीती वाटायची. लेन फाटकाशीच उभा होता, कोटाची बटणं वरखाली लावलेली. त्याने गाडीकडे पाहिलं, मग नोरीनकडे.

"कोणी चालवत आणली?"

दोन महिने ज्या प्रश्नापासून हिला वाचवलं, तो हा इथे.

"तू आणलीस, लेन," नोरीन म्हणाली. जराही अडखळली नाही.

"टेकडीवर गिअर उतरवला?"

"उतरवलास ना. नेहमीसारखा."

"आणि लावली नीट?"

"अगदी रेघांच्या आत."

"मग ठीक," तो म्हणाला. तिच्या दंडाला धरून, तिलाच आधार देत असल्यासारखा, आत चहाला निघाला.

मी मागून चालले. मला रडू आलं, लपवायचं कशाला. तो टेबलाशी बसल्यावर मी तिला हळूच विचारलं, "रोज?"

"रोज. तू नाही आणलीस म्हटलं की तो फाटकातून हलत नाही. गाडी आणायला जातो म्हणतो."

"इतकं धडधडीत खोटं नोरीन, आणि साधं सॉरीसुद्धा नाही?"

"यात सॉरी कसलं?" ती म्हणाली, आणि त्याच्या स्कोनला लोणी लावायला लागली.