मालक कुठंयत?

तिसगावच्या शाळेत रविवारी दुपारी आमचा गट बसतो. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे, असे आम्ही बारा-तेरा जण. नवा माणूस दारात आला की त्याला पाणी द्यायचं आणि एकच विचारायचं: दारू सोडायचीय का? जात, गाव, धंदा काही नाही. हो म्हणाला की तो आमचा. मलाही असंच आत घेतलं होतं. त्या नियमावर मी दोन पत्रकं लिहिली, वाटली, भांडलोसुद्धा.

त्या रविवारी दारात मी होतो. चाळिशीतली एक बाई आली.

मी विचारलं, "मालक कुठंयत?"

"मालक न्हाईत आले."

"मग गुरुवारी या, ताई. घरच्यांची बैठक गुरुवारी असते."

तिनं आत एकदा डोकावून पाहिलं. मग गेली. मी तिला पाणीही दिलं नाही.

गुरुवारी ती खरंच गेली. तिथं बसणाऱ्या, आमच्यातल्या एकाच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, "तुमी धाडलेल्या बाईच्या तोंडाला वास येत हुता. आमच्यातल्या दोघी उठून गेल्या. मग ती म्हनली, मीच पिते. आन् निघून गेली."

लहानपणापासून घरात दारूबंदीच्या पत्रकांचे गठ्ठे होते, त्यांवरच मी वाढलो. त्यांत पिणारा कायम नवरा आणि रडणारी कायम बायको. माझ्या दोन्ही पत्रकांतही तेच होतं.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. आमच्यातला म्हातारा ट्रकड्रायव्हर म्हणाला, "बाई बसली तर आमी शिव्या कुठं द्यायच्या?" सगळे हसले.

मी उसळलो. "शिव्यांसाठी येता का इथं? नियम म्हणजे नियम! तिला नाही म्हणणारे आपण कोण?"

"आमी कुठं न्हाई म्हनलो?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "तू म्हनलास."

मी खाली बसलो. विरोध कोणीच केला नाही. तिला आणायचं ठरलं.

ती हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासते, असं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात हात घालून ती बसली होती. मला पाहून म्हणाली, "आता कोन्त्या वारी धाडताय?"

मी चूक कबूल केली. रविवारी या म्हणालो, तुमची जागा तिथंच आहे.

"त्या रविवारी सकाळपास्नं घेतली नव्हती," ती म्हणाली. "हात असं कापत हुतं. म्हनलं, आत जाऊन बसलं की निभंल." तिनं पातेलं पालथं घातलं. "आज घेतलीय."

"घेऊन आलात तरी चालेल."

"तुमाला चालंल वो," ती म्हणाली आणि पुढचं पातेलं ओढलं.

दोन रविवार झाले. ती आलेली नाही.