ताईचं मत

ताई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हिंजवडीत, कंपनीच्या बसमध्ये खोळंबलेली होते. सकाळची वेळ, पुढे-मागे नुसत्या बस, चालकाने इंजिन बंद करून हात खिडकीबाहेर सोडलेला. फोनवर आईचं नाव उमटलं, पण आवाज आईचा नव्हता. ताईची पोलंडची मैत्रीण आग्नेश्का तिच्या अडखळत्या इंग्रजीत सांगत होती, की तू घरी ये, पण धावू नकोस... आता धावायचं काही कारण उरलेलं नाही. मी तिथेच उतरले आणि रिक्षा मिळेपर्यंत उलट्या दिशेने चालत राहिले. बिबवेवाडीला पोचेपर्यंत रडू आलंच नाही. मनात राहून राहून एकच गोष्ट येत होती. शेवटी ताईचा हात हातात घेऊन बसलेली बाई तीच होती, जिला घराबाहेर काढायच्या बाजूने ताईने एकदा मत दिलं होतं. निदान आग्नेश्काने तरी त्या मताचा तसाच अर्थ लावला होता, आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव संघमित्रा. हे नाव बाबांनी फार हौसेने ठेवलं होतं, आणि घरात, वस्तीत, पुढे इंग्लंडमधल्या वॉर्डातसुद्धा त्याचं ‘मित्रा’ झालं. बाबा कारखान्यात होते. आम्ही दोघींनी शिकावं यापलीकडे त्यांनी आयुष्यात काही मागितलं नाही. मी संगणकाकडे वळले, कारण त्या काळात पुण्यात सगळेच वळत होते. ताई नर्स झाली. तिने लग्न केलं नाही; कुणी विचारलं तर म्हणायची, वॉर्डात रोज इतके नवरे बघते की हौस फिटली. बाबा गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिला इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरातल्या इस्पितळात नोकरी लागली. विमानतळाची बस स्वारगेटहून सुटायची होती. आईचे डोळे भरून आले, तशी ताई म्हणाली, की मी लढाईवर चाललेली नाही, तिथल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायला चालले आहे. मग बस वळली आणि मला दिसलं, ती तोंड फिरवून दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघत होती.

तिकडे तिचं बरं चाललं होतं. वॉर्डात आग्नेश्का होती. दोघींचं वय सारखं, कामाचा उरक सारखा आणि गोऱ्या साहेबांच्या चहाबद्दलचं मतही सारखं. पुढे ताईच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया ठरली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला, की आईला माझ्याजवळ पाठव. आईचा व्हिसा नाकारला गेला. ही बाई परत मायदेशी जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण आलं. दुसऱ्यांदा अर्ज केला, घराची कागदपत्रं जोडली, माझ्या नोकरीची जोडली; पुन्हा तेच. आईने नवीन स्वेटर आणला होता, तो तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. ताई शस्त्रक्रियेला एकटी गेली. एकटी म्हणजे आग्नेश्का होती. तीच चार दिवस तिच्यापाशी राहिली, आणि मदतीला तिने पोलंडहून स्वतःच्या आईला बोलावून घेतलं. ती म्हातारी एक पिशवी घेऊन विमानात बसली आणि संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, की ती परत कधी जाणार. ताई ते सूप प्यायली. नंतर मला फोनवर म्हणाली, “सूप चांगलं होतं गं. पण प्रत्येक घोटाला मला आईची आठवण येत होती, आणि राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं.”

त्या रागाला पुढे वाट मिळाली. ब्रिटनने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत ठरलं. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांनाही, तिथे राहत असतील तर, मत देता येणार होतं. म्हणजे ताईला होतं आणि आग्नेश्काला, जी तिच्याआधीपासून तिथे राहत होती, तिला नव्हतं. ताईच्या भागातल्या आपल्या लोकांच्या एका बैठकीत कुणीतरी समजावून सांगितलं, की युरोपवाल्यांसाठी दार सताड उघडं आहे म्हणून आपल्यासाठी बंद आहे. ते लागलं की आपलं उघडेल, मग आईवडिलांना सुखाने आणा. ताईसारख्या, कुणाच्या शब्दावर सहसा न विसंबणाऱ्या बाईने हे खरं मानलं. मला वाटतं, तिला ते खरं मानायचंच होतं.

निकाल लागला त्या सकाळी आमच्या ऑफिसात कुणी कामाला हात लावला नव्हता. आमचा अख्खा मजला एका ब्रिटिश विमा कंपनीचं काम करत होता. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर आकडे येत होते. थोडक्या फरकाने, पण बाहेर. कुणी पौंड किती घसरला ते बघत होतं, कुणी मित्राला लंडनला फोन लावत होतं. आमचा टीम लीड एकसारखा “चिल, काही होत नाही” म्हणत होता आणि स्वतः आमच्या कामांची यादी पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. दुपारी ताईचा फोन आला. मी तिला धीर द्यायला म्हणून बोलायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवलं.

“अस्मिता, मी बाहेर पडायच्या बाजूने दिलंय मत.”

मी जिन्यात उभी होते. वरून-खालून माणसं ये-जा करत होती. मी तिला एवढंच विचारलं, की आग्नेश्काला माहीत आहे का. ती म्हणाली, अजून नाही, पण सांगणार आहे. मी काही चोरी केलेली नाही.

तिने खरंच सांगितलं. वॉर्डातल्या चहाच्या खोलीत, बाकी दोघी-तिघी बसलेल्या असताना. त्या खोलीत त्या दिवसांत आधीच दोन टेबलं झाली होती. राहा म्हणणाऱ्यांचं एक, निघा म्हणणाऱ्यांचं एक, आणि किटली मात्र एकच. त्याच आठवड्यात ताई जिची रोज वेणी घालून द्यायची त्या एका आजीबाईंनी ताईला प्रेमाने विचारलं होतं, की मग आता तूही घरी जाणार का गं? ताईने हे आग्नेश्काला हसत सांगितलं आणि त्याच्या पाठोपाठ आपलं मतही सांगितलं. आग्नेश्काने कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. “माझ्या आईने तुझ्यासाठी सूप केलं होतं, मित्रा,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने पाळी बदलून घेतली. एकाच इस्पितळात असून दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या.

त्या हिवाळ्यात ताई पुण्याला आली. तोवर आमच्या विमा कंपनीने नवीन काम थांबवलं होतं. कारणं अनेक सांगितली गेली, त्यात सार्वमताचं एक होतं. आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं बिनकामाची बसून होती आणि रोज कुणाला तरी वरच्या खोलीत बोलावलं जायचं. माझं नाव अजून यायचं होतं. अशा वेळी ताई घरात. पंधरवडाभर आम्ही दोघी पोहे, भाजी, पाहुणे यांच्याबद्दल बोलत होतो आणि त्या एका विषयाला वळसा घालत होतो. बाहेरचे लोक मात्र घालू देत नव्हते. आमच्या सोसायटीत तीन घरांतली मुलं इंग्लंडात. संध्याकाळी फाटकापाशी बसणाऱ्या मंडळींत यावरून तट पडले होते. एकजण म्हणायचे साहेबाने बरोबर केलं, देश म्हटला की कुंपण हवंच; दुसऱ्यांचा मुलगा त्या कुंपणात अडकलेला, ते उठून जायचे. तळमजल्यावरचे कुलकर्णीकाका एकदा म्हणाले, “अहो, लिफ्ट बसवायची की नाही यावर आपलं गेली आठ वर्षं ठरत नाही, आणि साहेबाने काय करायला हवं होतं ते मात्र आपल्याला पाठ आहे.” मग त्यांनी ताईकडे वळून विचारलं, की काय हो, आपण कुणीकडे? ताईने सांगून टाकलं. ज्यांचा मुलगा तिकडे होता ते गृहस्थ त्यानंतर आमच्या आईलाही जिन्यात ओळख दाखवेनात.

आणि मग ते घरात फुटलंच. मला वरच्या खोलीत बोलावलं गेलं त्या दिवशी. मी घरी येऊन पर्स टाकली आणि ताईला म्हणाले, की तुझ्या मताने माझी नोकरी गेली. ती शांतपणे म्हणाली, की कोट्यवधी मतांत एक माझं, आणि तुमच्या कंपन्या काय आमच्या मतांची वाट बघत बसतात का? मी म्हणाले, आग्नेश्काचं तरी काय केलंस? तेव्हा तिचा आवाज चढला. तिला काय कळणार, ती म्हणाली, तिची आई पिशवी घेऊन आली. माझ्या आईला परत जाईल की नाही म्हणून अडवलं. जणू आपण कुठेही शिरलो की तिथेच ठाण मांडणार. मी हे आईसाठी केलं.

आई आतून आली. तिच्या हाताला पीठ होतं.

“माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस,” ती म्हणाली. “माझ्या बापाला लोकांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तो धम्मात आला तो त्या उंबऱ्यापायी. मला नाही येऊ दिलं, राहिले मी इथे. पण माझं नाव घालून कुणाचं दार लावू नका.”

ताई खुर्चीत बसली. मग म्हणाली, “चुकले असेन आई. पण माझा राग खोटा नव्हता.” आई म्हणाली, ते मला माहीत आहे. आणि पोळ्या लाटायला निघून गेली. मी नंतर दुसरी नोकरी पकडली, पुन्हा हिंजवडीतच. पण आम्हा बहिणींमध्ये बराच काळ एक सावधपणा राहिला. बोलताना दोघी शब्द निवडून घ्यायचो.

परत गेल्यावर ताई आग्नेश्काच्या घरी गेली. आग्नेश्काने तिला दारात उभं ठेवून ऐकून घेतलं, आभार मानले आणि दार लावलं. ताईने हे मला सांगितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती. म्हणाली, बरोबर आहे तिचं... पुढे एकदा आग्नेश्काची आई गेली. ताईने फुलं पाठवली; पोच आली नाही. अशी काही वर्षं गेली आणि ताईचा आजार परत आला, या वेळी हाडांत. वॉर्ड तोच, फक्त ती आता पलंगावर. दुसऱ्या संध्याकाळी पडदा सरकवून आग्नेश्का आत आली आणि खुर्ची ओढून बसली. ताईने मला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. “मी तुला माफ केलेलं नाही. पण तू इथे एकटी पडून राहावंस, हे मला चालणार नाही.” त्यानंतर ती रोज आली. दोघींनी सार्वमताबद्दल पुन्हा भांडणही केलं म्हणे, मनसोक्त, चहाच्या खोलीतली ती दोन टेबलं मध्ये नसताना. ताईचं म्हणणं, औषधांपेक्षा त्या भांडणाने बरं वाटलं.

शेवटचे महिने ताईला पुण्यात काढायचे होते. आम्ही तिला बिबवेवाडीच्या घरी आणलं. महिन्याभराने आग्नेश्काने कळवलं, की रजा मिळाली, येते आहे. भारताच्या व्हिसासाठी अर्ज केला आहे. ताई उशीवरून म्हणाली, “बघा हं, परत जाईल याची खात्री करून घ्या म्हणावं.” आजारपणातला तिचा तो शेवटचा खवचटपणा. आई हसली, मीही हसले.

आग्नेश्का आली ती सरळ पदर खोचल्यासारखी कामाला लागली. ताईला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, वेळेवर गोळ्या. मला आणि आईला तिने हळूहळू शिकवलं. एका दुपारी मी तिला विचारलं, की तू आता तिला माफ केलंस का. तिने गोळ्यांची डबी बंद केली. म्हणाली, ती माझ्याशी खोटं बोलली नाही, माझ्या टेबलावरचे कित्येक जण खोटं बोलले. त्यांनीही मत तेच दिलं होतं आणि माझ्याबरोबर चहा पीत राहिले. माफीचं मला अजून कळत नाही, पण मैत्रीण तीच होती.

ताईला जाऊन आता काही आठवडे झाले. विहारात वंदना झाली, माणसं येऊन गेली, आग्नेश्काही तिच्या वॉर्डात परतली. ताईची खोली मी अजून आवरलेली नाही. ताई इंग्लंडात असताना रविवारी सकाळी तिचा फोन यायचा आणि आधी आईच्या गोळ्यांची चौकशी व्हायची; त्या वेळेला आई आपसूक येऊन तिच्या पलंगाच्या कडेला बसते. गेल्या रविवारी मी तिथेच होते. फोन वाजला. पलीकडे आग्नेश्का होती. आईला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. मला वाटलं, फोन मला द्यावा लागेल. आईने दिला नाही. पलीकडून, ताईच्याच हेलात, ताईच्याच किंचित दरडावणीने, चार शब्द आले.

“आई, औषध घेतलंस का?”

आई म्हणाली, घेतलं गं बाई. आणि मग बराच वेळ फोन कानाला तसाच धरून बसून राहिली.